अंतर

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को, सरळ रेषेत : सव्वाबारा हजार किलोमीटर.
फ्रँकफर्टला विमान बदलून : चोवीस तास.

नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये निवृत्त अवर सचिव अण्णासाहेबांनी एवढं फुलस्केपवर लिहिलं, खाली ठसठशीत रेघ ओढली आणि कागद मुलीपुढे सरकवला. रेवतीला तिची सॉफ्टवेअर कंपनी दोन वर्षांसाठी तिकडे पाठवत होती. होकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. अण्णासाहेबांचा नकार पक्का होता.

“बाबा, युवराजदादा तिथेच तर आहे ना? त्याला तुम्ही चहा संपायच्या आत हो म्हणालात.”

“त्याची गोष्ट वेगळी. इथे अंतर किती आहे, ते बघ जरा.”

रेवती दिल्लीत जन्मली, दिल्लीतच वाढली. अंतर म्हटलं की तिला हिंदीतलंच अंतर ऐकू यायचं, म्हणजे फरक. तिने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“अंतर? तो मुलगा, मी मुलगी. इतकंच. बाकी बिल्कुल नाही.”

लेकीचा मराठी शब्द चुकला की तिथल्या तिथे दुरुस्त करायचा, ही अण्णासाहेबांची वीस वर्षांची सवय. आताही त्यांनी तोंड उघडलं.

मग मिटलं. शब्द तिने बरोबर वापरला होता.

“कळवून टाक त्यांना,” ते म्हणाले, “निघतेय म्हणून.”