टोकाची जागा

हिंगणघाटच्या एका बंद कापूस-जिनिंगच्या गोदामात पद्माताई दांडिया शिकवतात. पूर्वी इथल्या बाया भुलाबाईच्या सणात तिच्या मूर्तीपुढे लाकडी टिपऱ्या खेळायच्या. आता गाणं स्पीकरवर आणि टिपऱ्या सगळ्यांच्या प्लॅस्टिकच्या.

दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि दर फेरीला एकेक जागा सरकतात. यंदा एक बाई जास्त झाली, म्हणून टोकाला जी येईल तिनं टिपरी नुसती हवेत मारायची, असं ठरलं.

"ताई, टोकाले समोरून कोणीतरी टिपरीले टिपरी देऊन राह्यलं," मोनाली म्हणाली. "आवाज लाकडाचा येते."

बाकीच्यांनी माना हलवल्या. ताईंना हे ठाऊक असेल असंच त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पद्माताई स्वतः रांगेत उभ्या राहिल्या. आता जोड्या पुऱ्या झाल्या. कोणी एकटं उरणार नव्हतं.

गाणं लागलं. सरकत सरकत त्या टोकाला आल्या, तर समोर कोणीच नव्हतं. त्यांनी वळून पाहिलं. बाकी प्रत्येकीला जोडी होती. म्हणजे रांगेत अजूनही एक बाई जास्त होती.

फेरी बदलली. पद्माताई एक जागा सरकल्या. समोर आलेल्या बाईनं हसून टिपरी पुढे केली.

ती लाकडाची होती.