कोरी डिस्क

बाबांच्या कॉम्प्युटरमधली दुसरी हार्ड डिस्क महिनाभर कुरकुरत होती. वर्षापूर्वी गेलेल्या बाबांची रोजनिशी, त्यांच्याच आवाजातली, त्या डिस्कवर होती. आई रोज थोडी ऐकायची. लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करून पोट भरणारा मी मात्र "उद्या कॉपी करतो" म्हणत राहिलो आणि परवा डिस्कने मान टाकली.

आज दुपारी मी नवी डिस्क बसवली, फॉरमॅट केली.

"झालं का रे?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"झालं. पण रिकामी आहे गं."

बाबांचा कॉम्प्युटर ज्यावर चालतो ती लिनक्स सिस्टिम नव्या डिस्कवर 'लॉस्ट अँड फाउंड', म्हणजे 'हरवलं-सापडलं' नावाचा फोल्डर आपणहून करून ठेवते. तो रिकामाच असतो. तरी सवयीने मी उघडला.

आत एक रेकॉर्डिंग होतं. तारीख आजची.

जुनी डिस्क टेबलावर पडली होती, एकही वायर न जोडलेली. माइक तर मी कधीच काढून ठेवला होता. मी हेडफोन लावले.

आधी स्क्रू फिरल्याचा आवाज आला. मग आईचा, "झालं का रे?" मग माझा, "झालं. पण रिकामी आहे गं."

मग कोणीतरी खोकलं, अगदी माझ्या मागे. तो खोकला मी कुठेही ओळखला असता.

"बाबा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

रेकॉर्डिंग थांबलं नव्हतं. त्यात आई विचारत होती, "कोणाशी बोलतोयस रे?" आणि माझाच आवाज शांतपणे सांगत होता, "बाबांशी. आत्ताच आलेत."

मी हेडफोन ओढून काढले.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"कोणाशी बोलतोयस रे?" आईने विचारलं.