शेवट सोडून सगळं

"मग? गोळी लागली कुणाला?" दीनानाथांनी उशीवरून मान उचलून विचारलं.

सुमननं त्यांचा रिकामा कप उचलला. "पुरे आता, मामंजी. थकाल."

"अगं, एवढं तरी सांग!"

"ते नाही सांगायची मी."

फ्रंट रूमचं दार ओढून घेताना तिला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

मंगळवारी तिला एअरपोर्टच्या कामावरून सुट्टी असे. ती बसनं मल्टिप्लेक्सला जाई, नवा लागलेला हिंदी सिनेमा बघे आणि घरी आल्यावर पक्षाघातानं खिळलेल्या सासऱ्यांना तासभर बसून तो सांगे. हीरो किती सुटलाय, बर्फात पातळ साडी नेसून हिरॉइन कशी कुडकुडत नाही, कुठलं गाणं उगाच घुसडलंय. सगळं. फक्त शेवट नाही.

लंडनच्या हाउन्सलोतल्या ओळखीपाळखीत तिचं फार कौतुक होई. सासऱ्यांचं एवढं कोण करतं हो हल्ली!

कौतुक करणाऱ्यांना एक्क्याऐंशी सालचा तो रविवार माहीत नव्हता. सुमन तेव्हा लग्न होऊन नुकती इथे आली होती. मैत्रिणीबरोबर सिनेमाला गेली. शेवटची दहा मिनिटं उरली असताना दीनानाथ आत शिरले आणि दंडाला धरून त्यांनी तिला भरल्या थिएटरातून बाहेर काढलं. "घरी पाहुणे ताटकळलेत आणि सूनबाई इथे!" मराठी मंडळातली निम्मी माणसं वळून बघत होती.

त्यानंतर चोवीस वर्षं ती थिएटरकडे फिरकली नाही. सासऱ्यांनी अंथरूण धरलं, त्याच आठवड्यात गेली.

"सांगून टाक ना त्यांना शेवट," नवरा, स्वानंद, एकदा म्हणाला. "तुझं काय जातंय?"

"माझं जायचं ते गेलंय," सुमन म्हणाली.

ती कामावर असली की मुलगी, उर्वी, आजोबांजवळ बसे. टीव्ही मोठ्यानं लावलेला असे. एरवी ते वही मांडीवर घेऊन डाव्या हातानं पेन्सिलीनं अक्षरं गिरवत. फिजिओनं तसं सांगितलं होतं.

ऑक्टोबरात दोन बहिणींचा एक सिनेमा आला. सुमन रंगात येऊन सांगत होती.

"आणि ती लंगडी बहीण? तिचं काय?" दीनानाथांनी मध्येच विचारलं.

"तिच्यावर अजून आलेच नाही मी." म्हातारा हल्ली अंदाज बरे बांधायला लागला होता.

शेवटाशी येऊन ती नेहमीसारखी थांबली. ते हात जोडायला गेले, पण एकच हात वर आला. "एकदा तरी सांग गं, सुमन." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं ते नीट बघून घेतलं आणि उठली. आता फिटलं, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

गुरुवारी दुपारी दीनानाथ गेले.

तेराव्यानंतर कौन्सिलची माणसं आजारपणापुरता दिलेला बेड परत न्यायला येणार होती, म्हणून सुमननं गादी उचलली. खाली बिस्किटांचा चपटा डबा होता. डब्यात डीव्हीडी होत्या, बाजारात मिळतात तसल्या चोरट्या, झेरॉक्स कव्हरांच्या. तिनं एकेक काढून पाहिली. तिनं सांगितलेला प्रत्येक सिनेमा त्यात होता.

"हे काय गं?"

"संडेचे," उर्वी म्हणाली. "तू कामावर असायची ना, तेव्हा मी मार्केटमधून आणायची. आजोबा फुल बघायचे, एन्डपर्यंत. मला म्हणाले, आईला अजिबात सांगायचा नाही."

सुमन गादीच्या कडेवर बसली. सगळ्यात वरची डीव्हीडी दोन बहिणींची होती. तिच्या कव्हरावर, डाव्या हाताच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत, पेन्सिलीनं रविवारची तारीख घातली होती. खाली लिहिलं होतं:

"सिनेमा अगदी टुकार. मंगळवारी सुमन छान करून सांगेल."