शिक्क्याचा ठोका

कुंभारवाड्याच्या रानातलं सागवान सरकारी शिक्क्यानिशी चोरीला जात होतं. चौकशीला आलेले गोविंदपंत हेरेकर असे चिवट, की माशी शिंकली तर तिचीही जबानी घ्यायचे.

शिक्क्याचा हातोडा असायचा रखवालदार धाकलूकडे. तोडलेल्या झाडाला दोन ठोके, एक ओंडक्याच्या बुडाला आणि एक जमिनीत उरलेल्या बुंध्याला. पंतांनी तो हातोडा पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली.

तरी भर दुपारी रानातून आवाज आला. ठक. जरा थांबून, ठक.

"ऐकलासा न्हवं, रावसाब?" धाकलू रडकुंडीला आला. "माज्याच हातोड्याचा आवाज हाय ह्यो. मला तुरुंगात घातलासा तर पोरं उपाशी मरतील. मी चोर न्हाई!"

"म्हणजे दुसरा हातोडा आहे कुणाकडे तरी. तो धरला की तू सुटलास. चल!"

आवाज पुढे, पंत मागे. पगडी फांदीला लटकली, जोडे चिखलाने गिळले, पण गडी अनवाणी धावतच राहिला. शेवटी एका उघड्या कातळावर ते थांबले. आसपास चिटपाखरू नव्हतं.

ठक. पंतांच्या पायाला हादरा बसला.

जरा थांबून, ठक.

"रावसाब," धाकलू मागे सरकत म्हणाला, "पाय उचला बगू."

पंतांनी पाय उचलला. खाली कातळावर सरकारी शिक्का ताजा उमटला होता.

मग त्यांनी तळपाय वळवून पाहिला. दुसरा तिथं होता.