अर्ध्या बनियनचा सूड

"सूड नीट घेणारे या भूमीत दोनच. एक चाणक्य आणि दुसरा, येत्या रविवारपासून, मी!" असं सदा कारखानीस गाडीखालून गरजला. तोंडात ऑइल गेल्यानं लगेच खोकत बाहेरही आला.

गेल्या शर्यतीत श्रीरंग खांबेटेनं सदाच्या जपानी टर्बो गाडीवर सगळ्यांदेखत शेरा मारला होता, "हिच्या नुसत्या शिट्या! भात काही शिजत नाही." ते त्याच्या काळजाला लागलं. त्यानं इंजिनात हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवला, हवेचा दाब वाढवला आणि बायकोशी बोलणं कमी केलं.

रविवारी जुन्या धावपट्टीवर दोघांच्या गाड्या शेजारी उभ्या राहिल्या. झेंडा पडताच श्रीरंग सुटला. सदाची गाडी मात्र दमेकऱ्यासारखी धापा टाकत थोडी सरकली आणि बंद पडली.

श्रीरंग शर्यत जिंकून परत आला. त्यानं बॉनेट उघडलं, टर्बोकडे जाणारा हवेचा पाइप सोडवला आणि आतून एक बनियन ओढून काढलं. आलं ते अर्धंच. बाकीचं टर्बोनं खाल्लं होतं.

"काम करताना आत नट पडू नये म्हणून कोंबलंस, ते बरोबर. पण सदाभाऊ, नंतर काढायचं असतं रे!"

लोक पोट धरून हसले. सदा दात आवळून म्हणाला, "पुढच्या वर्षी तुला रडवीन, श्रीरंग. गाडी विकायला लावीन!"

"बरं."

"तोवर गॅरेजपर्यंत जरा टोचन करून ओढतोस का?"