गाठीच्या खाली

आई मटार सोलत होती आणि लेक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप उघडून बसली होती. पडद्यावर काळ्या ठिपक्यांची लांबलचक रांग होती. त्यात एकच ठिपका लाल होता, आणि सकाळपासून तो तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

ठिपके बाबांचे होते. बंदराच्या धक्क्याच्या टोकाला जाऊन त्यांनी एकतीस वर्षं रोज सकाळी सातला समुद्राचं तापमान मोजलं. पितळी डबा दोरीने पाण्यात सोडायचा, दोरीवरची गाठ पाण्याला टेकली की थांबायचं, झटका देऊन डब्याचं बूच उघडायचं आणि भरलेला डबा वर ओढून त्यात थर्मामीटर धरायचा. गाठीपर्यंत म्हणजे एक मीटर. त्याखाली बोटभरही नाही. घरातलं घड्याळ बंद पडलं तरी बाबांचे सात चुकायचे नाहीत. "जा, माझी सवत वाट बघत असेल," असं आई त्यांना चिडवायची. पुढे चिडवणं बंद झालं, सात मात्र चालूच राहिले.

बाबा जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्या वह्या आता लेकीच्या समुद्र-हवामानाच्या कचेरीत आल्या होत्या आणि सगळे त्यांच्याकडे डोळे लावून बसले होते. किनाऱ्याजवळून वाहणारा थंड प्रवाह कसा बदलत गेला, पुढे तो कुठे वळेल, त्याने पावसापाण्याचं काय होईल, हे सांगायचं तर जुने आकडे लागतात. आणि इतके जुने, इतके सलग आकडे दुसऱ्या कुणाकडे नव्हते. फक्त एका दिवसाचा आकडा आजूबाजूच्यांशी जुळत नव्हता.

"एक जरी मनाने लिहिलेला असेल, तर बाकीच्यांचा काय भरवसा? सगळ्याच वह्या बाजूला ठेवाव्या लागतील," साहेब म्हणाले होते. संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. त्यांच्या जागी तीही हेच म्हणाली असती.

तो दिवस कोणता, हे तिने साहेबांना सांगितलं नव्हतं. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी तिची ताई पोहायला गेली होती आणि परत आली नव्हती. ताई चौदा वर्षांची. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा शांत. 'एवढी पट्टीची पोहणारी, बुडालीच कशी?' हा प्रश्न लोकांनी वर्षभर विचारला आणि घरातल्यांनी एकदाही नाही. लेक तेव्हा सहा वर्षांची होती. रात्रभर होडीतून शोधून आलेले बाबा सकाळी खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत, आणि उजाडल्यापासून दुपारपर्यंत त्यांनी तिला मांडीवरून खाली उतरू दिलं नाही. हे तिला पक्कं आठवत होतं. म्हणजे बाबा धक्क्यावर गेले नव्हते. तरी वहीत त्या दिवशी सातच्या मोजणीचा आकडा होता, बाबांच्याच अक्षरात.

बाबा खोटं लिहितील, हे काही केल्या तिच्या गळी उतरत नव्हतं.

"आई, एक विचारू?"

"विचार की. परवानगी कधीपासून घ्यायला लागलीस?"

"ताई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा... बाबांच्या वहीत एक आकडा आहे."

आईचा अंगठा शेंगेत थांबला.

"तेरा पूर्णांक चार," ती म्हणाली.

लेकीने पडद्यावर पाहिलं. तेच होतं. आईने ती वही कधी उघडलेली तिने पाहिली नव्हती.

"ते उठण्यासारखे नव्हते. डबा दाराशीच होता, सात वाजत आले होते. मी गेले." आई पुन्हा शेंग सोलू लागली. "परत येऊन आकडा सांगितला. तुला मांडीवरून न उतरवता त्यांनी तो लिहिला. काही विचारलं नाही."

"पण आई, आदल्या दिवशी एकवीस आहे, नंतरच्या दिवशीही एकवीस. तेरा कसं येईल? गाठीपर्यंतच सोडलास ना डबा?"

"नाही. सगळी दोरी सोडली. तळाला टेकेपर्यंत."

"का?"

आईने तिच्याकडे पाहिलं. लहानपणी तिने काहीतरी खुळ्यासारखं विचारलं की पाहायची तसंच.

"वरचं पाणी मोजून काय करू? ताई वर कुठे होती?"

 

लेकीने खोलीच्या रकान्यातला एक मीटर पुसला आणि तिथे 'तळ' असं लिहिलं. लाल ठिपका काळा झाला. बाबांच्या वह्या तरल्या. पण हायसं वाटायच्या आतच तिला पुढचं दिसलं. वर एकवीस, तळाशी तेरा. थंड प्रवाह उबदार पाण्याखालून गुपचूप किनाऱ्यापर्यंत आला होता. वरून तो कुणालाच दिसला नसता. पाय खाली गेला की गार पाण्याने गोळा येतो, आणि मग खालची ओढ. तिथे पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही.

तिने आईला ते सगळं सांगितलं. आईने मान खाली घालून ऐकून घेतलं.

"हे आता आधी कळतं का गं तुम्हांला?"

"हो. तीन दिवस आधी सांगतो आम्ही. धक्क्यावर पाटी लागते, कुणी पाण्यात उतरू नये म्हणून."

"तीन दिवस," आई म्हणाली.

शेवटच्या शेंगेतले दाणे तिने भांड्यात टाकले, सालं एका हाताने गोळा केली आणि ती उठली.

"तीन दिवस कशाला? मला एक तास पुरला असता."