वायर ओढली की

मेघाच्या रेडियम-स्टिकरच्या दुकानासमोर नारंगी गाडी थांबली. ऋषिकेशला मागच्या काचेवर वाघ हवा होता. ती वाघ चिकटवत होती, पण त्याला आपली करामत सांगितल्याशिवाय राहवेना. दाराची बिजागरी अन् सायकलच्या ब्रेकची वायर घेऊन त्यानं घरीच जुगाड केलं होतं. सीटवरून वायर ओढली की मागची नंबरप्लेट वर उचलली जायची.

"मागच्या महिन्यात वाडी नाक्यावर एका म्हाताऱ्याले उडवलं ना ताई," तो हसत म्हणाला. "वायर ओढली अन् सटकलो. नंबर कोणालेच दिसला नाही."

मेघाचा हात वाघाच्या शेपटीवर थांबला. घरी तिचे बाबा पायात रॉड घालून पडले होते. गाडी नारंगी होती अन् प्लेट वर गेली होती, एवढंच त्यांना पोलिसांना सांगता आलं होतं.

"मले बी दाखवा ना," ती म्हणाली. "बसा आत, ओढा वायर."

तो खुशीत जाऊन बसला. "उचलली का वं ताई?"

"उचलली. पण बिजागरी कुरकुरून राहिली. तशीच धरून ठेवा, तेल देते."


तेल दुकानात नव्हतंच. सरकारी प्लेटा आल्यापासून पडून राहिलेली रेडियमची अक्षरं-आकडे मात्र डबाभर होते, अन् त्यानं वायर सोडली तेव्हा प्लेटीमागच्या पत्र्यावर गाडीचा तोच नंबर, अंधारात लांबून चमकेल असा, पक्का चिकटला होता.